ईयोबाच्या रानात मुलांना कसं न्यायचं (अध्याय ३८ ते ४१)

मे महिना आला की व्हीबीएसची (सुट्टीतल्या बायबल शाळेची) तयारी सुरू होते आणि दरवेळी तोच प्रश्न, यावर्षी निर्मितीवर काय घ्यायचं. बहुतेक ठिकाणी उत्पत्ती १ घेतात, सहा दिवसांचे सहा चार्ट, रंगवायला हत्ती-जिराफ, आणि शेवटी नोहाचं तारू. चांगलंच आहे ते, पण आठवी-नववीची मुलं कंटाळतात, त्यांना सगळं पाठ असतं. त्यांच्यासाठी मी गेली काही वर्षं बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचे ३८ ते ४१ अध्याय घेते, ज्यात देव ईयोबाशी बोलतो, चार बैठका, प्रत्येकी साधारण पाऊण तास. कसं घेते ते इथे लिहितेय, ज्यांना उपयोगी पडेल त्यांनी घ्या. घरी कुटुंब प्रार्थनेत वाचायचं असेल तरी चालेल, फक्त एका दमात चारही अध्याय वाचू नका, डोकं भणभणतं.

आमचा भाग उसाचा. नगर जिल्हा, प्रवरेच्या बाजूला. त्यामुळे ईयोबाच्या पुस्तकाचं पहिलं वाक्य वाचलं, ऊस देशात ईयोब नावाचा माणूस होता, की पोरं खिदळतातच. हसू द्या. उलट फळ्यावर 'ऊस देश' लिहा आणि सांगा की हा आपला ऊस नाही, नाव तसं आहे इतकंच. पण त्यामुळे एक होतं, ईयोब त्यांना एकदम शेजारच्या वस्तीवरचा वाटायला लागतो, मोठा बागायतदार, ज्याचं सगळं गेलं.

आता सुरुवात. डायरेक्ट ३८ वा अध्याय उघडू नका, सगळे तीच चूक करतात. आधी १:३ वाचायला लावा आणि ईयोबाची जनावरं फळ्यावर लिहून काढा. ७००० मेंढरं, ३००० उंट, बैलांच्या ५०० जोड्या, ५०० गाढवी. हे आकडे फळ्याच्या डाव्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहा आणि चारही बैठका संपेपर्यंत पुसू नका, वॉचमन काकांना पण सांगून ठेवा, आमच्याकडे एकदा त्यांनी रात्री पुसून टाकलं होतं.

मग उजव्या बाजूला मुलांनीच ३८:३९ पासून पुढे चाळत देव कोणकोणती जनावरं दाखवतो ते शोधायचं. सिंह, कावळा, रानबकऱ्या, हरिणी, रानगाढव, रानबैल, शहामृग, घोडा, ससाणा, गरुड. पुढे ४० व्या अध्यायात बेहेमोथ आणि ४१ वा अख्खा लिव्याथान, हे दोन अजस्र प्राणी. लिहून झालं की काही बोलू नका, दोन्ही याद्यांकडे बघू द्या. कोणीतरी एक पोरगी बोलतेच, टीचर, तिकडे पण गाढव आहे आणि इकडे पण, तिकडे बैल आहे आणि इकडे पण. झालं, पहिल्या बैठकीचं काम झालं. ईयोबाकडची गाढवं ओझं वाहणारी, त्याचे बैल नांगराला जुंपलेले, आणि देव वावटळीतून बोलायला लागला तेव्हा त्याने नेमकी त्यांचीच रानातली भावंडं पुढे आणली, जी कुणाच्या दावणीला नाहीत आणि जी कधी कुणाच्या मालमत्तेत मोजली गेली नाहीत. मेंढरू नाही, उंट नाही. अख्ख्या यादीत माणसाच्या कामाचा एकटा घोडा, तो पण लढाईतला, आणि तोही असा की स्वारापेक्षा त्यालाच लढाईची जास्त घाई.

माझं म्हणणं एवढंच आहे, घोडा सोडला तर या चार अध्यायांतली जनावरं आपल्या कशाच्याही उपयोगाची नाहीत आणि देव त्यांच्याबद्दल कौतुकाने, अगदी बारकाव्याने बोलतो. निर्मिती म्हणजे आपल्यासाठी भरून ठेवलेलं कोठार असं जे आपण नकळत शिकवतो ना, त्याला इथे चांगलाच धक्का बसतो. म्हणून एक नियम मी पहिल्याच दिवशी करते: 'यातून आपण काय शिकतो' हा प्रश्न बंदी. मुंगीकडून कष्ट शिका वगैरे नीतिसूत्रांत आहे, तिथे ठीक आहे. इथे देव ईयोबाला असं कुठेच म्हणत नाही की रानगाढवासारखा हो. तो नुसता विचारतो, तुला माहीत आहे का, तू हे करतोस का. मुलांना प्रश्नचिन्हं मोजायला लावा, ३८ आणि ३९ मध्येच मोजताना बोटं कमी पडतात.

दुसऱ्या बैठकीत मी जे करते ते मला स्वतःला उशिरा सुचलं. ही जनावरं इथे पहिल्यांदा येत नाहीत, ईयोब आणि त्याचे मित्र आधीच्या अध्यायांत त्यांच्याबद्दल बोलून गेलेत. गट पाडा आणि शोधायला सांगा. अगदीच जमलं नाही तर संदर्भ देऊन टाका, लपवण्यात काही मजा नाही. ४:१०-११ मध्ये ईयोबाचा मित्र अलीफज म्हणतो सिंहाचे दात मोडतात, भक्ष्य न मिळून तो मरतो, त्याचा रोख दुष्ट लोकांवर आहे. (मूळ इब्रीत, म्हणजे हिब्रू भाषेत, या दोन वचनांत सिंहासाठी पाच वेगवेगळे शब्द आहेत, आपल्याकडे कसं बिबट्या, वाघ, ढाण्या वाघ, तसं त्यांच्याकडे सिंहाचं.) आणि देव ३८:३९ ला काय विचारतो, सिंहिणीसाठी शिकार तू करतोस का, तिच्या पिल्लांची भूक तू भागवतोस का. म्हणजे अलीफजाने ज्या सिंहाला उपाशी मारून धडा केला होता त्या सिंहाला देव स्वतः खायला घालतोय. हे मुलांना दाखवलं की एखादा तरी "अरेच्चा" येतोच.

तसंच ३०:२९. ईयोब अंगाला राख लागलेल्या अवस्थेत म्हणतो मी कोल्ह्यांचा भाऊ झालोय, शहामृगांचा सोबती झालोय. त्याच्या दृष्टीने ही शेवटची पायरी, माणसातून उठून ओसाड रानातल्या जनावरांत जाऊन पडणं. आणि देव नऊ अध्यायांनंतर त्याला शहामृग दाखवतो, बघ तुझी सोबतीण. मला नेहमी वाटतं देव इथे थोडा हसतोय.

हसण्यावरून आठवलं, तिसऱ्या बैठकीला पेन्सिली न्या. 'हसतो' कुठे कुठे येतं त्याखाली रेघ मारायची. ३९:७ रानगाढव शहराच्या गोंगाटाला हसतं. ३९:१८ शहामृग घोडा आणि स्वार दोघांना हसतं. ३९:२२ घोडा भीतीला हसतो. ४१:२९ लिव्याथान भाल्याच्या सळसळीला हसतो. भाषांतरानुसार कुठे 'हसतो' कुठे 'उपहास करतो' असेल पण मूळ क्रियापद एकच आहे. आणि तेच क्रियापद ३०:१ ला ईयोबाच्या तोंडी येतं, आता माझ्याहून लहान पोरं मला हसतात असं तो म्हणतो तिथे. माणसाच्या हसण्याने मोडलेल्या माणसाला देव असं रान दाखवतो जिथे हसणारे सगळे मोकळे आहेत आणि कोणीही ईयोबाला हसत नाहीये. हे मात्र मी मुलांना सांगत नाही, मोठ्यांच्या अभ्यासात सांगते.

आता एकेका जनावरावर थोडं, कारण मुलं प्रश्न विचारणार आणि तुमच्याकडे काहीतरी हवं.

कावळा. ३८:४१. लेवीय ११ मध्ये कावळा अशुद्ध पक्ष्यांत मोडतो, खायचा नाही. तरी त्याची पिल्लं भुकेने देवाकडे ओरडतात आणि देव त्यांना देतो. करीथ ओहोळापाशी एलीया संदेष्ट्याला भाकर आणि मांस आणून दिलं ते पण कावळ्यांनीच, आणि लूक १२:२४ मध्ये प्रभू येशू शिष्यांना म्हणतो कावळ्यांकडे बघा, ते पेरत नाहीत, कापत नाहीत, त्यांना कोठार नाही. कावळा शोधायला लांब जावं लागत नाही, चर्चच्या कंपाउंडवर बसलेलाच असतो. दहा मिनिटं नुसतं बाहेर बसून एक कावळा बघायचा, बोलायचं नाही. गेल्या वर्षी एका कावळ्याने पावाचा कडक तुकडा उचलला, नळाखालच्या डबक्यात नेऊन भिजवला, पायाखाली दाबला आणि मग तोडून खाल्ला. पोरं गप्प झाली होती, इतकी गप्प ती उपासनेत पण नसतात.

रानबकऱ्या. इथे देव विचारतो त्यांचा विण्याचा काळ तुला माहीत आहे का, त्यांचे महिने तू मोजतोस का. शेळी पाळणाऱ्या घरातल्या पोरांना हे लगेच कळतं, कारण घरच्या शेळीचे दिवस आजी बोटावर मोजून ठेवते, पाच महिने, आणि विताना रात्री कंदील घेऊन जवळ बसते. त्या कड्यावरच्या बकरीजवळ कोण बसतं? इस्राएलात मृत समुद्राच्या काठी एन-गेदीला या रानबकऱ्या आजही आहेत, मागे वळलेली लांब शिंगं, उभ्या कातळावर चढतात. दावीद शौल राजापासून लपला होता तो हाच भाग, १ शमुवेल २४ मध्ये 'रानबकऱ्यांचे खडक' असं नावच आहे.

रानगाढव तर आपल्या देशात आहे. कच्छच्या छोट्या रणात, गुजराती लोक त्याला घुडखर म्हणतात. आणि ३९:६ बघा, देव म्हणतो मी त्याला क्षारभूमी राहायला दिली. छोटं रण म्हणजे तेच, पांढरी खारट जमीन, जिथे अगरिया लोक मीठ पिकवतात आणि त्यांच्या मिठागरांच्या आजूबाजूला ही गाढवं पळत असतात. मोबाईलवर फोटो दाखवा, मातकट रंग, पोट पांढरं, पाठीवर गडद पट्टा. ईयोबाच्या मुलखातली जात मात्र संपली, सीरियन रानगाढवाचं शेवटचं जनावर १९२७ मध्ये व्हिएन्नाच्या प्राणीसंग्रहालयात मेलं. म्हणजे जे शहराला हसत होतं ते शेवटी शहरातच पिंजऱ्यात गेलं. मुलांना हे सांगावं का यावर मी दोन वर्षं विचार केला, आता सांगते.

रानबैलाचं पण तसंच. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये इथे एकशिंगी युनिकॉर्न आहे, त्यामुळे कॉन्व्हेंटमधली एखादी मुलगी हमखास विचारते. गंमत अशी की जुन्या ग्रीक भाषांतरकारांनी तिथे 'एकशिंगी' असा शब्द टाकला आणि तो पुढे चालत राहिला. मूळ जनावर बहुतेक ऑरॉक्स, आजच्या गाईबैलांचा रानटी पूर्वज, त्याचं शेवटचं जनावर पोलंडमध्ये १६२७ ला मेलं. देव ईयोबाला विचारतो हा तुझ्या गव्हाणीपाशी रात्र काढेल का, तुझ्या मागे कुळव ओढेल का. आपल्याकडचा गवा वेगळी जात, पण डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला एक गवा भरवस्तीत आला होता ते मोठ्यांना आठवत असेल. लोक मोबाईल घेऊन मागे पळत होते, तो गल्ल्यांमधून धावत राहिला, पकडला आणि त्याच दिवशी मेला. गव्हाणीपाशी रात्र काढेल का, या प्रश्नाचं उत्तर ज्यांनी तो व्हिडिओ बघितला त्यांना माहीत आहे.

शहामृगापाशी मात्र थांबा, इथेच टीचर लोक अडकतात. ३९:१३-१८ म्हणतं ती अंडी जमिनीवर टाकते, कोणाचा पाय पडेल विसरते, देवाने तिला अक्कल दिलेली नाही. आणि नववीतला हुशार पोरगा हात वर करतो, टीचर, मी चॅनलवर बघितलंय, शहामृग अंडी उबवतं, मादी दिवसा आणि नर रात्री. बरोबर आहे त्याचं. त्याला गप्प बसवू नका आणि ओढूनताणून जुळवायलाही जाऊ नका. हे काव्य आहे, वाटसरूला वाळूत उघडी पडलेली अंडी जशी दिसतात तसं त्यात बोललंय, आणि एक मादी नाही तर अनेक माद्या एकाच खड्ड्यात घालतात, काही अंडी बाहेर लोटली जातात, ती दिसतातच टाकलेली. पण मला यातलं खरं नवल दुसरंच वाटतं, की देव स्वतःच्या कारागिरीबद्दल बोलताना एक अर्धवट डोक्याचा पक्षी मुद्दाम दाखवतो आणि अजिबात ओशाळत नाही. हिला अक्कल दिली नाही म्हणतो आणि पुढच्याच वाक्यात ती पळायला लागली की घोड्याला मागे टाकते म्हणतो. वर्गात ज्या पोरांना कायम मठ्ठ म्हणतात ती पोरं हे वचन पुन्हा वाचायला मागतात, मी बघितलंय.

आणि हो, शहामृग म्हणजे परदेशी असं वाटत असेल तर जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यात पाटणे इथे उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचं सापडलीत, त्यावर रेषांची नक्षी, कवचाचे मणी, साधारण २५,००० वर्षांपूर्वीची. खानदेशात शहामृग पळत होते! हे सांगितल्यावर पाच मिनिटं वर्ग हातात राहत नाही, वेळ धरून ठेवा.

गरुड म्हणजे ३९:२७ चा, इब्रीत नेशेर. मराठीत गरुड वाचतो पण पिल्लं रक्त पितात, जिथे मढी तिथे तो, हे सगळं गिधाडाचं वर्णन आहे, आणि मीखा १:१६ मध्ये त्याच पक्ष्याच्या टकलाची उपमा आहे, गरुडाला कुठे टक्कल असतं. पोरांना गिधाड आवडत नाही, घाण म्हणतात. त्यांना विचारा तुमच्यापैकी कोणी प्रत्यक्ष बघितलंय, एकही हात वर येत नाही. आजोबांना विचारून या म्हणा. आजोबा सांगतील मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की दुपारपर्यंत सांगाडा उरायचा. जनावरांना तेव्हा देत असत ते डायक्लोफिनॅक नावाचं वेदनाशामक औषध मढ्यातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांच्या किडन्या गेल्या आणि पंधरा-वीस वर्षांत ती जवळजवळ संपली, सरकारने जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आणली. देवाने कड्यावर उंच घर दिलेला पक्षी आपल्या गोठ्यातल्या इंजेक्शनने मेला. इथे पुन्हा सांगते, उपदेश करू नका, नुसतं सांगा. पोरांना जे कळायचं ते कळतं.

घोडा आणि ससाणा मी भराभर घेते. ससाण्याला फक्त एवढंच, तो दक्षिणेकडे पंख पसरतो असं वचन आहे, म्हणजे स्थलांतर, आणि इस्राएल हा युरोप-आफ्रिकेच्या मधला पक्ष्यांचा मोठा हवाई रस्ताच आहे.

चौथी बैठक बेहेमोथ आणि लिव्याथानाची, आणि इथे व्हॉट्सअॅप आडवा येतो. बेहेमोथ म्हणजे डायनासोर असा एक फॉरवर्ड दरवर्षी फिरतो, शेपटी देवदारासारखी म्हणून. भांडू नका त्यावर. वर्णन वाचून मुलांना चित्र काढू द्या: बैलासारखं गवत खातो, लव्हाळ्यात पडून राहतो, नदीला पूर आला तरी घाबरत नाही. बहुतेक जण पाणघोडा काढतात, आणि पाणघोड्याची हाडं इस्राएलच्या किनारपट्टीवर खरंच सापडलीत. शेपटीचं जमत नाही, नाही जमत तर नाही जमत. पण ४०:१५ चं एक वाक्य मी सगळ्यांना वहीत लिहायला लावते, देव म्हणतो तुझ्याबरोबरच मी त्यालाही निर्माण केलं. तुझ्याबरोबर. उत्पत्ती १ मध्ये पण रानपशू आणि माणूस सहाव्याच दिवशी, आपल्याला वेगळा दिवस मिळालेला नाही.

लिव्याथान अर्धा मगर आहे, खवले, दात, गळाने पकडता येत नाही (इस्राएलातल्या एका नदीचं नावच मगरींवरून आहे आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे मगरी होत्या), पण तोंडातून ज्वाळा निघतात आणि शिंकला की उजेड पडतो, तेव्हा नुसती मगर म्हणून भागत नाही. जुन्या कनानी लोकांच्या कथांत लोतान नावाचा समुद्री राक्षस होता ज्याला त्यांचा देव ठार मारतो. ईयोबात तसं काही होत नाही, देव त्याला मारत नाही, त्याच्या अवयवांचं वर्णन करत बसतो. आणि स्तोत्र १०४:२६ मध्ये तर देवाने लिव्याथानाला समुद्रात खेळायला केलंय! लहान मुलांना ४१:५ वाचून दाखवा, चिमणीसारखा याच्याशी खेळशील का, तुझ्या मुलींसाठी याला दोरीने बांधशील का. हमखास हसतात.

एक अवघड प्रसंग सांगते कारण तुमच्यावर पण येईल. सिंहाच्या वचनावर एका मुलाने विचारलं होतं, मग आमचा कुत्रा बिबट्याने नेला तेव्हा बिबट्याला देवानेच खायला दिलं का. आमच्याकडे उसात बिबटे आहेत, तोडणी सुरू झाली की पिल्लं सापडतात, संध्याकाळी पोरांना एकटं सोडत नाहीत. मी काय सांगणार? मी म्हणाले वचन तरी तसंच म्हणतंय, आणि तुझा कुत्रा गेला हे वाईटच झालं, दोन्ही खरं आहे. मग आम्ही स्तोत्र १०४ चं २० ते २३ वाचलं, रात्र झाली की रानपशू बाहेर पडतात, सिंहाचे छावे देवाकडे अन्न मागतात, सूर्य उगवला की ते गुहेत जातात आणि माणूस कामाला निघतो. शिफ्ट ड्युटी आहे म्हणे, तो मुलगाच म्हणाला. एकच रान, दोन पाळ्या. त्यावर मी काही बोलले नाही. आणि मोठ्यांसाठी एक, कोणाच्या घरी मयत झालेली असेल तर हे अध्याय उत्तर म्हणून त्यांच्यापुढे वाचू नका. देव ईयोबाशी बोलला तेव्हा ईयोब पस्तीसेक अध्याय रडून-भांडून झाला होता. आपण दुसऱ्या दिवशीच रानगाढव घेऊन जातो.

शेवटच्या दिवशी ४२:१२ उघडा आणि फळ्यावरच्या डाव्या यादीसमोर नवे आकडे लिहायला लावा. १४,००० मेंढरं, ६००० उंट, १००० जोड्या बैल, १००० गाढवी. सगळं दुप्पट. उजव्या यादीतलं एकही जनावर त्यात आलेलं नाही, हे मुलांना स्वतः शोधू द्या, घाई करू नका, आमच्याकडे यावेळी चार मिनिटं लागली आणि शोधलं ते सगळ्यात मागे बसणाऱ्याने. मग फळा पुसायला त्यालाच सांगितलं.